कंप्रेसर चालू होता

माझ्या भावाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायचे असले की तो हात वर नेण्याऐवजी डोकंच खाली आणतो, आणि वर म्हणतो, बघा, डोकं किती नम्र झालंय. घरातले हसतात. मी हसत नाही. तो हात माझ्यामुळे गेला आहे. हे मला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणालाही माहीत नाही असं मी चौदा महिने धरून चालले होते.

गॅरेज आमच्या बाबांचं. खाली गॅरेज, वर घर, मध्ये लोखंडी जिना. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि ही सहा वर्षं तो मला रोज ऐकवतो. मी चाळिशी ओलांडली तरी त्याच्या लेखी मी 'बारकी'च. बाबा गेले तेव्हा मागे पान्यांनी भरलेलं एक कपाट राहिलं आणि एक नियम राहिला: पाना आवळायला असतो, ओढायला नसतो.

हा नियम कळायला थोडं यंत्र सांगावं लागेल. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये तेलाने भरलेला एक गोल पोलादी डबा असतो, कलिंगडाएवढा. त्याला कन्व्हर्टर म्हणतात, आम्ही डबाच म्हणतो. गिअरबॉक्स इंजिनला जोडायच्या आधी हा डबा गिअरबॉक्सच्या तोंडात बसवायचा. तो एका धक्क्यात बसत नाही. फिरवत फिरवत आत ढकलला की एकदा टक होतं आणि तो थोडा आत जातो. पुन्हा फिरवायचा, दुसरा टक. पुन्हा फिरवायचा, तिसरा. दोनावर थांबलात तर डबा बोटभर बाहेर राहतो, आणि मग गिअरबॉक्स इंजिनला कितीही टेकवा, मध्ये फट राहते. अधीर माणूस अशा वेळी बोल्ट घालतो आणि पान्याने ओढून फट बंद करतो. फट बंद होते खरी, पण आतला तेलाचा पंप फुटतो आणि आठवड्याभराची मेहनत पाण्यात जाते. म्हणून बाबा म्हणायचे, फट हाताने मिटली पाहिजे. मिटल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

आणि तो टक नीट ऐकू यावा म्हणून सगळ्यात आधी कंप्रेसर बंद करायचा. कोपऱ्यातलं आमचं हे धूड चालू असलं की शेजारच्याची शिंक काय, भांडणसुद्धा ऐकू येत नाही.

चौदा महिन्यांपूर्वी दादा गाडीखाली होता आणि मी वर, बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकून, हातात दोन लांब बोल्ट घेऊन. गिअरबॉक्स जॅकवर चढवून इंजिनला भिडवला होता. बोटभर फट उरली होती. दादा खालून ढोसत होता. तेवढ्यात जॅकचं एक चाक जमिनीतल्या मोरीच्या जाळीवर गेलं आणि तिरकं झालं. मला वरून ते दिसत नव्हतं. दादाला जाणवलं.

"बोल्ट लाव!" तो खालून म्हणाला.

मी म्हणाले, "पण फट मिटलीय कुठे?"

जन्मभर ज्या नियमावरून त्याने माझे कान धरले, तो नियम तोच मोडतोय, आणि मी त्याला रंगेहाथ पकडलंय, याचा मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू, चांगलाच आनंद झाला होता. मग तो दुसऱ्यांदा ओरडला, "बारके, बोल्ट लाव!" आणि तो आवाज निराळा होता. तेही मला कळलं. पण कळणं आणि हात हलणं यात जो क्षण गेला, तेवढ्यात ऐंशी किलोचा गिअरबॉक्स जॅकवरून घसरून त्याच्या खांद्यावर पडला. एक बोल्ट चार आट्यांनी जरी अडकला असता, तरी गिअरबॉक्स लटकून राहिला असता. दोन्ही बोल्ट माझ्या हातातच होते. दवाखान्यात पोचेपर्यंत मी ते सोडले नव्हते.

तिथे वहिनीने विचारलं, "यांनी हाक मारली असेल ना गं? तुला ऐकू नाही आलं?"

माझ्या तोंडून निघालं, "कंप्रेसर चालू होता."

बस्स, एवढंच. पुढे माझ्या त्या एका वाक्याला घरदार मिळालं. वहिनीने ते नातेवाइकांना सांगितलं. दादा शुद्धीवर आल्यावर त्यानेही तेच सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांनी हाताकडे बघून चुकचुक केली की म्हणायचा, "कंप्रेसर चालू होता हो, तिला बिचारीला काय ऐकू येणार." डोक्यालाही मार बसला होता, त्याला कुठलं आठवतंय, असं मी मनाशी म्हणायचे. पण खाई त्याला खवखवे. ती खवखव मी चौदा महिने गिळली.

तेव्हापासून आम्ही ब्रेक केले, क्लच केले, तेलं बदलली. ऑटोमॅटिक गाडी आली की मी दारातूनच सांगायचे, आमच्याकडे होत नाही. आणि मग दोन गल्ल्या पलीकडच्या नर्सबाई आल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरोघरी जाऊन बघतात त्या, आणि गाडी बंद पडल्याने आठ दिवस पायी फिरत होत्या. मी बाहेर गेले होते. परत येते तर गाडी आत, आणि दादा बॉनेट उघडून उभा.

"खाली कोण जाणार?" मी विचारलं.

"तू."

"आणि वर?"

"मी. उंटावरून शेळ्या हाकायला हात वर जावा लागत नाही."

"दादा, मस्करी नको."

तो बॉनेटकडे वळला. मग म्हणाला, "आज नाही म्हटलं ना, तर कायमचं नाही होईल. बघ बाई."

गिअरबॉक्स काढताना मला फारशी भीती वाटली नाही. खाली येणाऱ्या वस्तूला खाली आणायचं, त्यात काय. दुरुस्तीही झाली. चढवायचा दिवस उजाडला तेव्हा मात्र मी सकाळचा चहा तसाच ठेवून खाली आले. वहिनी जिन्यात उभी राहून म्हणाली, "जमत नसेल तर राहू दे गं." दादाने तिला वर पाठवलं. ती गेली, पण दार उघडं ठेवून गेली.

मी कंप्रेसर बंद केला. एकदम शांतता झाली. डबा टेबलावरच बसवला, दादा कान जवळ आणून बोटं मोजत होता. टक. टक. मग बराच वेळ नुसतं फिरवणं, आणि टक. त्याने पट्टी आडवी धरून खोली मोजली, मान हलवली. मग डबा पुढे घरंगळू नये म्हणून तोंडावरून एक पट्टा आवळून बांधला. गिअरबॉक्स जॅकवर ठेवला, जॅक ढकलत गाडीखाली नेला. चार लोखंडी घोड्यांवर गाडी उभी होती. घोडे मी तीनदा हलवून पाहिले. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. दादाने चौथ्यांदा हलवून पाहिले. एरवी हसला असता.

मग मी चाकांच्या फळीवर पाठ टेकली आणि पायाने ढकलत आत गेले.

गाडीखाली झोपलं की जग फार जवळ येतं. नाकापासून वीतभर अंतरावर पोलाद. जुन्या तेलाचा वास. बाहेरची माणसं म्हणजे नुसते बूट. माझ्या उजव्या कानाशी सिमेंटचा एक नवा चौकोन होता. मोरीची जाळी होती तिथे. दादाने दवाखान्यातून आल्यावर पहिलं काम हेच केलं होतं, डाव्या हाताने थापी धरून. त्या चौकोनाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि तिथेच बघत राहिले.

"चढव," वरून आवाज आला.

मी जॅकचा दांडा दाबायला लागले. प्रत्येक दाबाला गिअरबॉक्स दोन बोटं वर. पोटाच्या वर आला, छातीच्या वर आला. मी श्वास मोजत होते. इंजिनच्या पाठीवर दोन पोलादी खुंट्या असतात, आणि गिअरबॉक्सच्या कडेला त्यांची भोकं. आधी दोन्ही तोंडं समोरासमोर सरळ आणायची, मग भोकं खुंट्यांवर आणायची. तोंड इंजिनजवळ आलं तसा दादा म्हणाला, "आता पट्टा सोड." मी गाठ सोडली, पट्टा त्याने वरून ओढून घेतला. आता डबा मोकळा होता. आता गिअरबॉक्सचं तोंड जरासुद्धा खाली झुकता कामा नये.

त्याच वेळी जॅकचं चाक किंचित करकरलं. काही नव्हतं. जमिनीवर वाळूचा खडा असेल. पण मी दचकून दांडा झटक्याने सोडला, आणि गिअरबॉक्सने तोंड खाली केलं. इतकंसं. लगेच मी सावरून घेतलं.

आतून बारीकसा आवाज आला. टक.

मला तो ऐकू आला. कंप्रेसर बंद होता, रस्ता शांत होता, आणि तो आवाज मला झोपेतही ओळखता येतो. डबा एक पायरी पुढे सरकला होता. म्हणजे सगळं खाली घ्यायचं, बाहेर काढायचं, डबा पुन्हा बसवायचा, आणि मी पुन्हा या फळीवर झोपायचं. मी मनाला सांगितलं, टक नव्हता तो. जॅकचं चाक असेल. दादाच्या खिशातला पाना असेल. भित्र्या माणसाला स्वतःशी खोटं बोलायला वेळ लागत नाही, आणि मला तर चौदा महिन्यांचा सराव होता.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही."

आम्ही गिअरबॉक्स पुढे घेतला. खुंट्या भोकांत शिरल्या. दादा वरून डोळा लावून "डावीकडे... जरा वर... बस्स" सांगत होता, मी गुडघ्याने ढोसत होते. आणि मग गिअरबॉक्स थांबला. जायचं नाव घेईना. मी बोट फिरवून पाहिलं. सगळीकडून सारखी, बोटभर फट.

"हलव जरा," दादा म्हणाला.

मी हलवला. जॅक हलला, माझ्या वर ऐंशी किलो हललं. वरून दादाचा श्वास ऐकू येत होता, पळून आल्यासारखा. मग भोकातून बोल्टचं टोक दिसलं, फिरत आत गेलं. मग दुसरा बोल्ट. बोटांनी लावले होते तोवर ठीक होतं, बोल्ट नुसता धरून ठेवतो. पण मग कर्र कर्र असा आवाज सुरू झाला. दादाने पाना घेतला होता.

बाबांचा नियम दादा मोडत होता. दादा! टेबलावर पाना तिरका ठेवला तरी ज्याचा जीव जातो तो. आणि का, तेही मला लख्ख कळलं. मी खाली होते म्हणून. त्याला गिअरबॉक्सची पर्वा नव्हती, पंप फुटो की राहो, तो लवकरात लवकर घट्ट धरला जावा आणि मी बाहेर यावं, एवढंच त्याला हवं होतं. मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. दहा मिनिटांत मी बाहेर असते. संध्याकाळी नर्सबाईंची गाडी चढावर कुठेतरी जीव सोडती आणि मागे घरंगळत येती, आणि मला त्यातलं काही ऐकू आलं नसतं.

"दादा," मी म्हणाले, "फट मिटलीय कुठे?"

माझ्याच तोंडून तेच शब्द बाहेर पडले. वरचा कर्र कर्र आवाज थांबला.

"बोल्ट धरू दे आधी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मग बघू."

"डबा सरकलाय. टक झाला मघाशी."

"कधी?"

"पट्टा सोडल्यावर. तू विचारलंस तेव्हा."

"आणि तू काही नाही म्हणालीस."

"हो."

त्याने बॉनेटवर एक चापट मारली. मग तो म्हणाला, "उतरव सगळं. बाहेर ये."

हे सगळ्यात बरोबर होतं. पण मला माझी ओळख होती. "बाहेर आले तर पुन्हा आत यायची नाही मी," मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही. "खरंच सांगते, दादा. माझ्यात नाही तेवढी हिंमत. बोल्ट काढ. मी वीतभर मागे घेते आणि हात घालून डबा आत ढकलते."

"मध्ये हात घालून? बोल्टशिवाय? वेड लागलंय का तुला?"

"मग तू ओढ पान्याने. फोड पंप. मी येते बाहेर."

तो काहीतरी पुटपुटला, ते मी इथे लिहीत नाही. मग पाना ठेवल्याचा आवाज आला. एक बोल्ट निघाला. दुसरा निघाला. मघाचा पट्टा वरून खाली आला, गिअरबॉक्सच्या मानेखालून मी तो फिरवून दिला आणि दादाने दोन्ही टोकं ओढून घेतली. "धरलाय," तो म्हणाला. ऐंशी किलोला त्याचा एक धड आणि एक अधू हात पुरणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. मी "बरं" म्हणाले.

जॅक इंचाइंचाने मागे घेतला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये अंधारी फट उघडली. मी गिअरबॉक्सचं तोंड जरा वर उचललं, उजवा हात आत घातला. मनगट आत, कोपरापर्यंत आत. दोन्हीकडे थंड पोलाद. जॅक आता घसरला असता तर माझा हात बिस्किटासारखा गेला असता. बोटं डब्यावर टेकली. मी फिरवायला लागले. तेलकट, जड, फिरता फिरेना.

"ऐकू आलं की सांग," दादा म्हणाला. पट्टा त्याने मुठीला आणखी एक वेढा देऊन धरला.

ऐकू आलं की सांग. या वाक्याने माझा बांध फुटला. हात असा अडकलेला, तोंड लपवायला जागा नाही. मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. तू बोल्ट लाव म्हणालास ते. दोन्ही वेळा. कंप्रेसर चालू नव्हता. मी खोटं बोलले."

पट्टा तसाच ताणलेला राहिला.

"माहितीय," तो म्हणाला.

"काय?"

"कंप्रेसर मीच बंद केला होता, बारके. खाली जायच्या आधी. टक ऐकायचा असतो ना."

माझा हात थांबला. चौदा महिने. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर. तिला बिचारीला काय ऐकू येणार.

"मग तू कशाला सगळ्यांना..."

"मग काय सांगू? नियम तुझ्या डोक्यात घातला कुणी? मी. पान्याच्या दांड्याने टपला मारमारून." तो थांबला, धापा टाकत होता. "राग आला नाही असं नाही. दवाखान्यात खूप आला. तुझं तोंड बघू नये असं वाटायचं. मग तू रोज यायचीस आणि तुझं तोंडच असं झालेलं असायचं, की... जाऊ दे. फिरव तू. हात दुखतोय माझा."

मी फिरवला. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. अर्धा फेरा. पाऊण फेरा. आणि माझ्या बोटांखाली डबा एकदम हलका झाला, आत गेला. टक.

"झाला," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मी हात बाहेर ओढला. पाचही बोटं उघडमीट करून पाहिली. मग जॅक पुढे घेतला, त्याचं तोंड जराही न झुकवता, दातओठ खाऊन. खुंट्या शिरल्या. मी दोन्ही तळव्यांनी गिअरबॉक्स ढकलला, आणि वहीची पानं मिटावीत तशी फट मिटली. कडेवरून नख फिरवलं, नख कुठे अडकलं नाही. "मिटली," मी म्हणाले. तरी दादाने दोनदा विचारलं, "नक्की? सगळीकडून?" मग बोल्ट आले, एक, दोन, सहा, बोटांनी. गिअरबॉक्सच्या बुडाशी असलेल्या खिडकीतून डबा फिरवून पाहिला, मोकळा फिरला. मगच त्याने पाना उचलला.

मी फळीवरून बाहेर सरकले. गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. दादा बॉनेटला टेकून होता, चेहरा पांढराफटक, पट्ट्याने तळहात सोललेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. दोघांनीही चिंध्या घेऊन हात पुसायला सुरुवात केली आणि पुसतच राहिलो.

जिन्यात पावलं वाजली. वहिनी खाली आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "किती हाका मारल्या मी जेवायला! दोघांपैकी एकालाही ऐकू येऊ नये?"

दादाने चिंधी खांद्यावर टाकली. "कंप्रेसर चालू होता," तो म्हणाला.

वहिनीने कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या कंप्रेसरकडे पाहिलं. मग दादाकडे, मग माझ्याकडे. माझे डोळे लाल होते, हे तिला दिसलंच असणार.

"बरं," ती म्हणाली. "हात धुऊन वर या. भात गार झालाय."